टपरीवाल्या काकांना कायदा कोण सांगणार?

प्रश्न : आमच्या धनकवडीत शाळेच्या गेटाला लागूनच टपरी आहे, नववीतली पोरं सुटी सिगरेट घेतात. काकांना बोलले तर म्हणाले, "गुटखा बंद, एवढंच माहितीये."

उत्तर : ताई, खरंच माहीत नसेल हो, गुटखाबंदी २०१२ ला गाजली पण २००३ च्या कायद्यानं शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायची नाही, १८ च्या आतल्याला तर द्यायचीच नाही, हे कुणी नीट सांगतच नाही. सुटी सिगरेटही राज्यात २०२० पासून बंद, पाकिटावरचा इशारा सुट्या कांडीवर कुठून दिसणार! लहान पोराला दिली तर बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत कैद आहे, हे आवर्जून सांगा. आणि काका स्वतः तंबाखू मळतात का? तोंड पूर्ण उघडत नसेल, गालात पांढरा चट्टा असेल तर आजच डेंटिस्टकडे न्या.