कुत्र्याच्या गॅसला इतका घाण वास का येतो आणि तो कमी कसा करायचा?

तुम्ही लिहिलं आहे, की तुमचा लॅब्राडोर पाच वर्षांचा आहे, भूक चांगली, शी बहुतेक वेळा बरी, पण गॅसचा वास असा की खोलीत बसवत नाही. दोन महिन्यांत तुम्ही तीनदा डॉगफूड बदललंत, तरी फरक नाही. माझं पहिलं सांगणं हेच, की चौथी पिशवी आणू नका. इतक्या घाईनं खाणं बदलणं हेच वास न थांबण्याचं एक कारण असू शकतं.

आधी एक गोष्ट वेगळी करून बघा. गॅस किती होतो आणि त्याला वास किती येतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. भराभर खाताना कुत्रा हवा गिळतो. त्यातला नायट्रोजन खालून बाहेर पडतो, आवाज होतो, पण वास नसतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेलं अन्न आंबवतात तेव्हा हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही कुत्र्यांत मिथेन तयार होतो. यांनाही वास नाही. नाक दाबायला लावतो तो हायड्रोजन सल्फाइड आणि गंधकाची आणखी काही संयुगं. सगळ्या गॅसमध्ये त्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. म्हणून गॅसचं प्रमाण तेच राहूनही वास जवळपास जाऊ शकतो, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं आहे.

हा गंधक येतो प्रथिनांतून. मिथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांत तो असतो. लहान आतड्यात प्रथिन नीट पचलं तर काही बिघडत नाही. पण ते निकृष्ट असेल, एका वेळी फार पोटात गेलं असेल किंवा पचनातच काही बिघाड असेल, तर उरलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू त्यातून हा वायू बनवतात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि जास्त अंडी यांनीही वास वाढतो. सोयाबीन, वाटाणा, मसूर, हरभरा यांचं काम थोडं वेगळं आहे. त्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवणारं एन्झाइम कुत्र्याच्या लहान आतड्यात नसतं, त्यामुळे त्या जशाच्या तशा खाली जातात आणि गॅस फुगतो. गॅस कमी व्हावा म्हणून बरेच जण ‘ग्रेन फ्री’ डॉगफूड आणतात, पण त्यात धान्याच्या जागी बहुधा वाटाणा आणि डाळीच असतात. तुमच्या तीन पिशव्यांपैकी एखादी अशी होती का, ते जरूर बघा.

आता करायचं काय? सध्या जे डॉगफूड चालू आहे तेच दोन आठवडे ठेवा आणि बाकी सगळं बंद करा. सगळं म्हणजे खरोखर सगळं: बिस्किटं, चघळायच्या कांड्या, वाळवलेले कान, दूध, चीज, ताटातला घास, घरातल्या मुलांनी टेबलाखालून दिलेला तुकडा. तुम्ही रोज रात्री वाटीभर दूध देता असं लिहिलं आहे, ते आजपासून थांबवा. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक कुत्र्यांत दूध पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम कमी होतं आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचता थेट जिवाणूंच्या तोंडी जाते. शिकवताना बक्षीस द्यायचं असेल तर रोजच्या मापातलेच दाणे सकाळी एका डबीत काढून ठेवा. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवं, आणि घरात मांजर असेल तर तिचा लिटर बॉक्स कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी हवा. मांजराची शी कुत्री आवडीनं खातात आणि त्यानंतरचा वास भयंकर असतो.

खाणं कपानं मोजू नका, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. कप कधी शिगोशीग भरतो, कधी निम्मा राहतो, आणि रोजचे असे थोडे थोडे जास्तीचे दाणेच मोठ्या आतड्यात जाऊन सडतात. पिशवीवरच्या तक्त्यात कुत्र्याचं आजचं वजन बघू नका, जितकं असायला हवं तितकं वजन धरा. लॅब्राडोर बहुधा जाडच असतात. दिवसाचं माप दोनऐवजी तीन वेळांत विभागा. वाटी अशी घ्या की तिच्यात उंचवटे असतील आणि दाणे शोधून खावे लागतील. दाण्यांवर कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं भिजवलं तरी वेग कमी होतो, मात्र भिजवलेलं उरलं तर टाकून द्या. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांना वेगळ्या खोल्यांत खायला द्या. शेजारी कुणी असलं की दोघंही न चावता गिळतात.

खाल्ल्यावर वीस-तीस मिनिटांनी सावकाश फिरवून आणा. चालण्यानं आतडं हलतं, शी होते आणि बराचसा गॅस घराबाहेरच सुटतो. पळवणं, चेंडू फेकणं मात्र जेवणानंतर दोन तास तरी नको, विशेषतः मोठ्या आणि खोल छातीच्या कुत्र्यांना.

या दोन आठवड्यांत रोज एक ओळ लिहा: काय खाल्लं, शी किती वेळा आणि कशी, वास कितपत. आठवणीवर विसंबलात तर ‘काल जरा बरं होतं’ एवढंच हाती लागतं.

दोन आठवड्यांनीही वास तसाच असेल तरच डॉगफूड बदला, आणि तेही हळूहळू. पहिले दोन-तीन दिवस चौथा हिस्सा नवं, मग दोन-तीन दिवस निम्मं, मग पाऊण आणि सात ते दहा दिवसांनी पूर्ण. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या अन्नाशी जुळायला वेळ लागतो. एका रात्रीत बदललं की आठवडाभर गॅस वाढणारच, आणि ‘हेही चालत नाही’ म्हणून तुम्ही पुढची पिशवी आणणार. नवं खाणं निवडताना एकाच प्राण्याचं स्पष्ट नाव घेतलेलं मांस, मध्यम प्रथिनं, कमी चरबी आणि पहिल्या पाच घटकांत सोया, वाटाणा, डाळी नाहीत, एवढं बघा. पूर्ण बदल झाल्यावर किमान तीन आठवडे निकाल देऊ नका. चांगली खूण शीमध्ये दिसते. ती आधीपेक्षा कमी, घट्ट आणि कमी वासाची झाली तर अन्न पचतं आहे.

दोष खाण्याचाच आहे का, हे लवकर कळायला हवं असेल तर तीन ते पाच दिवस साधं उकडलेलं अन्न देऊन बघा: कातडी आणि हाडं काढलेली कोंबडी एक भाग, मऊ शिजवलेला ताजा भात दोन भाग. मीठ नको. कांदा आणि लसूण अजिबात नको, ते कुत्र्याच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. भात ताजाच हवा, कारण थंड झालेल्या भातातला काही स्टार्च न पचणारा होतो आणि तोही आंबतो. यात वास गेला तर दोष खाण्यात आहे. पण याहून जास्त दिवस हे देऊ नका, त्यात कॅल्शियमसह बरंच काही कमी पडतं.

औषधांकडे मी शेवटी वळेन. ॲक्टिव्हेटेड चारकोल (औषधी कोळसा), युक्का ही वनस्पती आणि झिंक ॲसिटेट एकत्र असलेल्या ट्रीट्सनी वास कमी होतो, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. गॅस तेवढाच राहतो, वास उतरतो. पण माणसांची झिंकची गोळी देऊ नका, जादा झिंक कुत्र्याला विषारी असतं. चारकोल इतर औषधंही शोषून घेतो, म्हणून त्यांत काही तासांचं अंतर हवं. शिवाय त्यानं शी काळी होते आणि पोटातला रक्तस्राव त्याखाली लपू शकतो. प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणू असलेलं औषध, कुत्र्यांसाठी बनवलेलंच घ्या आणि एकच, महिनाभर. सिमेथिकोन या गॅसवरच्या औषधानं बुडबुडे फुटतात, वासाला त्याचा उपयोग नाही.

आणखी एक शंका आधीच तपासा. वास माशासारखा किंवा गंजक्या लोखंडासारखा असेल, अचानक येत असेल आणि अंथरुणावर, केसांवर रेंगाळत असेल, तर तो गॅस नाही, गुदग्रंथींचा, म्हणजे गुदद्वाराजवळच्या दोन छोट्या ग्रंथींचा, स्राव आहे. असा कुत्रा ढुंगण जमिनीवर घासत सरकतो किंवा शेपटीखाली सारखा चाटतो. खाणं कितीही बदललं तरी हा वास जात नाही. पशुवैद्याकडून ग्रंथी तपासून घ्या.

पशुवैद्याकडे जायची आणखी कारणं म्हणजे शी वारंवार पातळ होणं, तिच्यात शेंबूड किंवा रक्त दिसणं, उलट्या आणि खाऊनही वजन उतरणं. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवी जंतूसाठी शीचा एकच नमुना पुरत नाही, कारण तो जंतू रोज बाहेर पडत नाही. तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या. शी ढीगभर, फिकट आणि तेलकट असेल, कुत्रा सतत भुकेला असून वाळत असेल, तर स्वादुपिंड एन्झाइम बनवत नसण्याची शक्यता असते. त्यासाठी उपाशीपोटी रक्ताची टीएलआय ही स्वादुपिंडाचं काम दाखवणारी तपासणी करतात.

आणि पोट ढोलासारखं फुगलंय, कुत्रा ओकायला बघतोय पण काही पडत नाही, लाळ गळतेय, एका जागी स्थिर बसत नाही, असं दिसलं तर घरी काहीही देऊन बघू नका. पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. रात्र असली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा.

सध्याच्या पिशवीवरचे पहिले सहा घटक आणि रोजचं माप ग्रॅममध्ये इथे लिहिलंत, तर नेमकं काय काढायचं ते सांगता येईल.