मुदत सोपी करा, रोजचा दंड काढून टाका

नमस्कार. आपण मांडलेली अडचण थोडक्यात अशी आहे : नागपुरातील आपल्या वस्तीच्या वाचनालयात कादंबऱ्यांना दहा दिवस, इतर पुस्तकांना पंधरा आणि मासिकांना पाच दिवस मुदत आहे, प्रत्येकाच्या दंडाचा दर निराळा आहे, त्यावरून देवघेवीच्या टेबलावर रोज वाद होतात आणि दंड कमी केला तर उत्पन्न बुडेल अशी कार्यकारिणीला धास्ती वाटते. देवघेव विभागात बरीच वर्षे काढली असल्यामुळे सविस्तर लिहितो.

दहा आणि पंधरा हे आकडे सोयीचे वाटतात, परंतु वाचनालयात येणाऱ्या माणसाचा वार ठरलेला असतो. शनिवारी नेलेल्या पुस्तकाचा दहावा दिवस मंगळवारी येतो आणि पंधरावा रविवारी, म्हणजे अनेक ठिकाणी सुटीच्या दिवशी. सभासद आपल्या सवयीने त्यानंतरच्या शनिवारी येतो, पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा शिक्का पाहतो आणि सहा दिवसांचा दंड ऐकून चकित होतो. त्याच्या दृष्टीने तो वेळेवरच आलेला असतो. म्हणून मुदत नेहमी सातच्या पटीत असावी. माझ्या मते सर्व पुस्तकांना, बालविभागासह, सरसकट एकवीस दिवस द्यावेत. चालू मासिके आणि नवे दिवाळी अंक यांना सात दिवस पुरेत, कारण त्यांची मागणी थोड्याच काळात एकवटते. जानेवारी उलटल्यावर दिवाळी अंकांनाही एकवीस दिवसांत घ्यायला हरकत नाही. याहून अधिक प्रकार केले की टेबलावरच्या माणसाला तक्ता उघडावा लागतो, आणि जो नियम तक्ता पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, तो सभासदाच्या लक्षात राहील अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

पुस्तकाला दुसऱ्या कोणाची मागणी नोंदलेली नसेल, तर मुदत दोनदा आपोआप वाढावी. त्यासाठी पुस्तक घेऊन प्रत्यक्ष येण्याची अट नको. पूर्व विदर्भातल्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा. आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यात बरीच कुटुंबे गावी गेलेली असतात आणि जी घरी असतात ती दुपारी बाहेर पडत नाहीत. एप्रिलच्या उत्तरार्धापासून दिलेल्या पुस्तकांवर थेट जुलैच्या पहिल्या शनिवारचा शिक्का मारावा.

आता दंड. आपल्या वाचनालयांत सभासद होतानाच अनामत रक्कम घेतली जाते, हे या चर्चेत सहसा विसरले जाते. पुस्तक हरवले तर किंमत अनामतीतून वळती करता येते, म्हणजे मालमत्तेचे संरक्षण आधीच झालेले आहे. उरतो प्रश्न पुस्तक फिरते राहण्याचा, आणि त्यासाठी ‘जुने परत आल्याशिवाय नवे मिळणार नाही’ एवढा नियम पुरेसा आहे. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये आणि न्यूयॉर्क शहरातील ग्रंथालयांनी ऑक्टोबर 2021 मध्ये विलंब शुल्क बंद केले. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी थकबाकी पंधरा डॉलरवर गेली की सभासदाचे कार्ड बंद पडत असे. तेथेही हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र घेतलीच जाते. अनामत न घेणाऱ्या ग्रंथालयांना हे जमले, मग अनामत हाताशी असताना आपण कचरण्याचे कारण नाही.

उत्पन्नाची शंका हिशेबानेच फेडावी. समजा, मासिक वर्गणी पन्नास रुपये आहे आणि साठ रुपये दंड झालेला सभासद संकोचाने यायचा थांबला, तर वर्षाची सहाशे रुपयांची वर्गणी गेली. शिवाय साठ रुपयेही मिळाले नाहीत आणि पुस्तकही त्याच्याच कपाटात राहिले. गेल्या मार्चपर्यंतची पावती पुस्तके काढून दंडाची जमा एका कागदावर लिहा आणि शेजारी, पुस्तक थकवून वर्गणी बंद केलेल्या सभासदांची यादी ठेवा. कार्यकारिणीसमोर तो कागद ठेवला की निम्मा वाद मिटेल.

दंड पूर्णपणे काढण्यास सभा तयार नसेल, तर मध्यम मार्ग असा : पहिले सात दिवस सवलतीचे, त्यानंतर दर आठवड्याला ठरावीक पाच रुपये आणि एका पुस्तकावर कमाल वीस रुपये. आपण कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल, तर सवलतीचे दिवस, आकारणीचा कालावधी आणि कमाल मर्यादा या तिन्ही गोष्टी देवघेवीच्या नियमांतच भरता येतात. त्यात दंडाऐवजी सभासदाला काही दिवस निलंबित करण्याचीही सोय आहे, ती कृपया वापरू नका. उशिरा का होईना, पुस्तक घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवण्यात काहीच हशील नाही.

दंडाचे दर संस्थेच्या घटनेत आहेत की केवळ वाचक नियमावलीत, हे आधी तपासा. नियमावलीत असतील तर बहुधा कार्यकारिणीचा ठराव पुरेल. घटनेत असतील तर विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा लागेल. जुनी थकबाकी माफ करण्याचा ठराव त्याच बैठकीत वेगळा घ्या आणि त्याला सभासदांच्या नावांची यादी जोडा, म्हणजे लेखापरीक्षणाच्या वेळी एकेका पावतीचा खुलासा करीत बसावे लागणार नाही.