पगार राहू दे, तास किती ते सांग

भावा,

परवा फोनवर तू संभाजीनगरच्या जिममधल्या ट्रेनरच्या नोकरीचं एका दमात सांगून टाकलंस, 14,000 फिक्स, वर पीटीचं, म्हणजे एकेका क्लायंटला पर्सनल ट्रेनिंग द्यायचं, इन्सेंटिव्ह वेगळं, एसी जिम, युनिफॉर्म फुकट, आणि मी नुसतं हं हं करत ऐकत होतो कारण तुझ्या आवाजात जो आनंद होता ना तो मला तिथल्या तिथं मोडायचा नव्हता. पोलीस भरतीच्या ग्राउंडवर दोन वर्षं घासल्यावर कुणीतरी "उद्यापासून ये" म्हणलं की कसं वाटतं ते मला माहितीय, मी पण तसाच आलतो या लाईनीत, 1600 मीटरमध्ये काही सेकंदानं हुकलो आणि लातूरच्या एका जिममध्ये डंबेल लावायला उभा राहिलो. म्हणून हे लिहून पाठवतोय, निवांत वाच.

तू पगार सांगितलास पण तास सांगितले नाहीस, मी खोदून विचारल्यावर म्हणलास सकाळी साडेपाच ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचार ते दहा. म्हणजे साडेदहा तास. महिन्याला 26 दिवस धर, 273 तास झाले, 14,000 ला भाग दे, तासाला 51 रुपये पडतात. आणि मधले जे सहा तास आहेत ते तुझे आहेत असं तुला वाटतंय, ते तुझे नाहीत, मुकुंदवाडीच्या रूमवर जायचं, जेवायचं, एक डुलकी काढायची आणि परत पेट्रोल जाळत कॅनॉटला जिमवर यायचं, त्या वेळात दुसरं काम होत नाही की अभ्यास होत नाही. मी तीन वर्षं अशीच दुपारी झोपून काढली. उन्हाळ्यात तर पत्र्याखाली झोप पण लागायची नाही.

कायद्यात आठवड्याला 48 तास आहेत बरं का, त्याच्यावर काम करून घेतलं तर दुप्पट दरानं पैसे, आठवड्याची सुट्टी वेगळी. तुझे 63 होतात. दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे आपल्या राज्याचा, पण तो सगळाच्या सगळा दहाबारा पोरं कामाला असलेल्या जिमला लागतोच असं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मालकासमोर कायदा काढून बसू नको, तो म्हणेल "हे वकील कुठून आले". त्यापेक्षा सरळ विचार की सर, एकच शिफ्ट मिळंल का, सकाळची सलग, पगार थोडा कमी चालंल. दहातले दोन मालक तरी हो म्हणतात असा माझा अनुभव आहे, कारण सकाळी साडेपाचला रोज येणारा माणूस त्यांना मिळत नसतो.

आता पीटीचं. खरा पैसा तिथंच आहे, आणि खरी गोची पण तिथंच. तुला 40 टक्के म्हणलेत, पण कशाचे 40 टक्के हे विचारलंस का? समज क्लायंटनं 12 सेशनचे 6,000 भरले. त्यातून आधी जीएसटी काढतात, ते बरोबरच आहे, पण 22 सप्टेंबर 2025 पासून जिमचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आलाय. 5 नं काढलं तर उरतात 5,714 आणि तुझे होतात 2,286. अजून पण जुन्या 18 नंच काढत असतील तर तुझे 2,034. एका क्लायंटमागं अडीचशे रुपये असेच जातात, आठ क्लायंट असतील तर रूमभाड्याचा मोठा भाग निघतो त्यात. आणि ज्या जिमला जीएसटी नंबरच नाही ती पावतीवर काहीच लावत नाही पण ट्रेनरचा हिशोब करताना मात्र जीएसटी कापते, असली पण हुशार माणसं पाहिलीत मी. पावती बघायची, लाजायचं नाही.

दुसरं म्हणजे पैसे कधी मिळणार, क्लायंटनं भरले की, का सेशन झालं की? सेशन झालं की असं असेल तर वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा क्लायंट आठवडाभर आलाच नाही तर तू साडेपाचला उठून उभा आणि हातात शून्य. कॅन्सल करायचं तर आदल्या रात्री कळवायचं, नाहीतर सेशन धरलं जाईल, हे क्लायंटला मॅनेजरच्या तोंडून सांगायला लाव, तू सांगितलंस तर तू वाईट होतोस.

मी एक जिम सोडली तेव्हा माझी दोन महिन्यांची पीटी बाकी होती. मॅनेजर म्हणला रेकॉर्ड नाही. रेकॉर्ड त्यांच्याच रजिस्टरमध्ये होतं आणि रजिस्टर त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. मी भांडलो, ओरडलो, हात हलवत गावाकडं आलो. पुढच्या ठिकाणी दहा रुपयाची वही घेतली, रोज सेशन झालं की क्लायंटची सही, आणि रविवारी त्या पानाचा फोटो मॅनेजरला व्हॉट्सॲपवर. त्याला आधी राग आला. सोडताना मात्र एक रुपया बुडला नाही.

ऑफर लेटरमध्ये तुला काय म्हणलंय ते पण बघ, कर्मचारी का कन्सल्टंट. कन्सल्टंट ऐकायला लई भारी वाटतं पण त्यात पीएफ नाही, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा नाही, भरपगारी सुट्टी नाही, वर 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच टॅक्स, कापतात. कापला तर रिटर्न भरून परत मिळतो, फक्त त्यांनी तो खरंच सरकारकडं भरलाय का ते आयकराच्या साइटवर बघायचं. कर्मचारी म्हणून घेतलं आणि जिममध्ये दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआयचं विचार. 14,000 वर तुझे कटतात 105 रुपये आणि मालक भरतो 455. तुला वाटंल मी धडधाकट, मला कशाला दवाखाना. मला पण तसंच वाटायचं. इन्क्लाईन बेंचला एका जाड्या शेठला स्पॉट देताना, म्हणजे वजन सांभाळायला मागं उभा असताना, बार एकीकडं कलला, तो वाचला, माझा उजवा खांदा गेला, दीड महिना घरी. पगार बंद. ईएसआय असता तर कामावर मार लागला म्हणून सुट्टीच्या दिवसांचे पगाराच्या 90 टक्के मिळाले असते. आपल्या धंद्यात शरीर हीच मशीन आहे आणि तिची वॉरंटी कुणी देत नाही, क्लायंटला मात्र रोज सांगतो व्यायाम करताना शरीराची ठेवण सांभाळा म्हणून.

दहावी-बारावीचे ओरिजनल कागद "जमा" करायला सांगितले तर झेरॉक्स दे, ओरिजनल देऊ नको. सोडल्यावर सहा महिने जवळच्या जिममध्ये काम करायचं नाही असं लिहून घेतील, त्याला घाबरू नको, 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 आहे, नोकरी सुटल्यावर पोट भरायला असं अडवता येत नाही. नोटीस पिरियड मात्र पाळ. आणि प्रोटीन पावडरीच्या डब्यांचं टार्गेट दिलं तर विक, कमिशन मिळतं, पण स्टेरॉइडच्या सुई-इंजेक्शनचा विषय कुणी काढला तर तिथून उठून ये, मग ती जिम कितीही चकाचक असू दे.

कामून एवढं लिहितोय म्हणशील. नोकरी सोड असं म्हणत नाहीये मी, घे, पण लेटर हातात आल्याशिवाय रूमचं डिपॉझिट भरू नको. लेटरचा फोटो आला की मला टाक, दुपारी पाठव, संध्याकाळी माझी बॅच असते.

तुझा दादा