सगळं सीएनसीवर होत असताना शाळेच्या वर्कशॉपमध्ये महिनोन्‌महिने कानस मारून काय मिळतं?

तुम्ही लिहिलंय की शाळेत उत्पादन तंत्रज्ञान हा विषय घेतला, दोन महिने झाले तरी व्हाइससमोर (तुकडा घट्ट धरणाऱ्या पकडीसमोर) उभं राहून कानसच मारतोय, कारखान्यात मात्र सगळं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या, मशीनवर होतं. मग हा वेळ वाया जातोय का?

नाही. मी शाळेत हाच विषय शिकले, नंतर बरीच वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं बनवतात त्या विभागात, काम केलं. मोजायला सुरुवात कुठून करायची हे मला कानशीने शिकवलं, आणि ते रोज कामाला येतं.

शाळेत आमचा एक जॉब, म्हणजे करायला दिलेला तुकडा, होता. माइल्ड स्टीलची ५० बाय ५० ची, १० मिलिमीटर जाडीची प्लेट. तिच्या वरच्या कडेत मधोमध २० मिलिमीटर रुंदीची खाच पाडायची आणि दुसऱ्या तुकड्याची जीभ तिच्यात बसवायची. ड्रॉइंगवर डाव्या कडेपासून १५ आणि त्यापुढे २० अशी मापं होती. मी एक रेघ डाव्या कडेपासून १५ वर मारली आणि दुसरी उजव्या कडेपासून १५ वर. हिशेबाने तेच येणार होतं. पण माझी प्लेट ५० नव्हती, ५०.३ होती. ते जास्तीचे ०.३ मिलिमीटर सगळे खाचेत गेले. खाच २०.३ झाली आणि बरोबर २० ची केलेली जीभ तिच्यात खुळखुळायला लागली. सरांनी जॉब हातात घेऊन एवढंच विचारलं, "दुसरी रेघ कुठून मारलीस?"

दोन्ही रेघा डाव्या कडेपासून मारल्या असत्या, एक १५ वर आणि एक ३५ वर, तर प्लेट ५०.३ असूनही खाच २० चीच झाली असती. जास्तीचं माप उजव्या बाजूला पडून राहिलं असतं, तिथे त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. ज्या बाजूपासून सगळं मोजायचं तिला डेटम म्हणतात. व्याख्या मला आधीच पाठ होती. समजली ती त्या दिवशी.

म्हणून पहिली बाजू सपाट करायला एवढा वेळ लावतात. नवख्या हाताने कानस झुलते, बाजू मध्ये फुगीर आणि कडांना उतरती होते. पुढे जाताना सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, शेवटी मुठीकडच्या हाताचा जास्त, असा दाब बदलत न्यावा लागतो. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडासमोर धरलं की फट कुठे आहे ते दिसतं. हे सांगून येत नाही, पंधरा-वीस दिवस जातातच.

आता सीएनसीचं. मशीन प्रोग्रामप्रमाणे चालतं, पण जॉब टेबलावर नेमका कुठे बांधलाय हे त्याला आपणच सांगायचं असतं. जॉबच्या कडेला टेकवून शून्य घ्यायचं, ते जी ५४ मध्ये, म्हणजे मशीनमधल्या शून्याच्या नोंदीत, भरायचं, आणि मग प्रोग्राममधलं प्रत्येक माप तिथून धरलं जातं. त्या कडेवर बर, म्हणजे कापताना राहिलेलं धातूचं बारीक कुसळ, राहिली असेल तर दहाच्या दहा भोकं तेवढीच सरकतात, आणि एकमेकांपासूनचं अंतर मात्र अगदी बरोबर असतं. अशी चूक शोधायला त्रास होतो, कारण मशीनने काहीच चुकवलेलं नसतं. ज्याने हाताने डेटम तयार केलाय त्याचा हात शून्य घेण्याआधी कडेवरून आपोआप फिरतो.

बाकी बरंच कळतं, पण ते सवडीने. एम ८ चे आटे पाडायला ८ चं नाही, ६.८ चं ड्रिल का घ्यायचं (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५; तो ८ मधून वजा केला की ६.७५, म्हणजे जवळपास ६.८). लेथवर, जिथे जॉब फिरवून कापतात, व्यास लहान झाला की फेरे का वाढवायचे. आणि गरम जॉब मोजू नये. ॲल्युमिनियमचा ५० मिलिमीटरचा गोल ४० अंशांनी तापलेला असताना जवळजवळ ०.०५ मिलिमीटर फुगलेला असतो. तेव्हा मायक्रोमीटरवर ५०.०० दिसलं म्हणून खूश होऊन सोडला, तर गार झाल्यावर तो ४९.९५ भरतो. ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात.

एका बाबतीत तुमची तक्रार मला पटते. काही ठिकाणी मुलांना वर्षभर सुटे तुकडेच करायला देतात. सुटा तुकडा थोडा चुकला तरी चालून जातो, त्यामुळे टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) म्हणजे ड्रॉइंगवरचा एक आकडा एवढंच डोक्यात राहतं. सरांना स्वतःहून सांगा, मला एकमेकांत बसणारी जोडी करायची आहे. शक्य असेल तर जोडीतला दुसरा तुकडा मित्राला करू द्या, दोघांनी फक्त ड्रॉइंग बघून काम करायचं आणि शेवटी जुळवून बघायचं.

लेथ आणि ड्रिलवर हातमोजे घालू नका, फिरणारी वस्तू मोज्यासकट बोटं ओढून नेते. केस घट्ट बांधलेले, बाह्या दुमडलेल्या. चकची (लेथवर जॉब धरणाऱ्या पकडीची) किल्ली चकमध्ये ठेवून क्षणभरसुद्धा हात सोडायचा नाही. या नियमांना मी आजवर अपवाद केलेला नाही, तुम्हीही करू नका.

आणि उद्यापासून एक करून बघा. कानस हातात घेण्याआधी वहीत क्रम लिहा: कुठली बाजू आधी, तिच्यावरून कुठली, भोक कधी, खाच कधी. जॉब बिघडला तर त्या क्रमात कुठे बिघडला तिथे खूण करा. पहिली बाजू सपाट झाली की तिच्यावर मार्करने फुली मारा आणि पुढचं प्रत्येक माप त्या फुलीकडून घ्या. मी अजूनही फुली मारते.