धुकं पिणारा भुंगेरा एक नाही, दोन आहेत

मांद्र्याच्या ताईंनी विचारलंय, आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातला काळा भुंगेरा पाठीवरच्या उंचवट्यांनी धुकं गोळा करून पितो, तशी जाळी गच्चीवर लावली तर मे महिन्यात पाणी मिळेल का?

ताई, आधी भुंगेऱ्याचं बघू, कारण तिथेच सरमिसळ झालीय. पाठीवर उंचवटे असलेला भुंगेरा, त्या उंचवट्यांनी धुकं पकडतो म्हणून, २००१ साली गाजला. पण रात्री वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढून, वाऱ्याकडे तोंड करून, डोकं खाली आणि बूड वर करून उभा राहणारा वेगळा, ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस. त्याच्या पाठीवर उंचवटे नाहीतच! धुक्याचे थेंब पाठीवरून ओघळत थेट तोंडाशी येतात. १९७६च्या नोंदीप्रमाणे असं पाणी पिऊन त्याचं वजन सरासरी १२ टक्क्यांनी वाढतं. २०१० साली चार जातींचे भुंगेरे कृत्रिम धुक्यात ठेवले, तर बूड वर केलं ते फक्त यानेच. उंचवटेवाल्यांनी नाही.

मला खरं कौतुक पाणी पिण्यापेक्षा ते राखण्याचं वाटतं. पाठीवरचे कडक पंख एकमेकांना चिकटलेले असतात. उडायला निरुपयोगी, पण त्यांच्याखालच्या पोकळीत श्वासाची छिद्रं उघडतात, त्यामुळे ओल सहज बाहेर जात नाही.

याच कुळातला एक तुमच्या रव्याच्या डब्यातही सापडेल. तांबूस, चपटा, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. तांदळातला सोंडवाला तो नव्हे. हा हवेतली वाफ गुदाशयातून शोषून घेतो. म्हणजे नामिबचा तोंडाने पितो, आपला मागून.

आता गच्ची. नामिबच्या किनाऱ्याला वर्षाला २० मिमीसुद्धा पाऊस नाही, पण समुद्रात बेंग्वेलाचा थंड प्रवाह, म्हणून धुकं लोटत आत येतं. जाळी पकडते ते हवेत आधीच तयार झालेले थेंब. आपल्याकडे मेमध्ये समुद्र कोमट. हवेत वाफ भरपूर, घाम निथळतो, पण धुकं नाही. जाळी कोरडीच राहील. त्या वाफेचं पाणी व्हायला काहीतरी थंड लागतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं. घरात एसी असेल तर त्याच्या नळीखाली बादली लावा. पिऊ नका, पण अबोलीला घाला.