पिसं गळतायत आणि कोंबडी कोपऱ्यात बसून राहिलीय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की दीड-दोन वर्षांची गावरान कोंबडी आहे, दसऱ्यानंतर पिसं गळायला लागली, अंडी बंद झाली, आता दोन दिवस खात नाही, डोळे मिटून कोपऱ्यात बसते आणि शेजारचे म्हणतायत कापून टाका. कापू नका, आणि मेडिकलमधून माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून पण घालू नका. आधी तिला नीट बघा.

पिसं गळणं हा आजार नाहीये. दिवस लहान व्हायला लागला की दीड वर्षाच्या आसपास पोचलेली कोंबडी जुनी पिसं टाकते, आधी डोकं-मान, मग पाठ-छाती, शेवटी पंख आणि शेपटी, आणि सगळं उरकायला दोन-तीन महिने जातात. अंडी बंद, तुरा फिका आणि आक्रसलेला, जरा चिडकी, हे चालायचंच. पण नुसती पिसं गळणारी कोंबडी दाणे टाकले की उठून येते. तुमची येत नाही म्हणजे त्या अशक्तपणात दुसरं काहीतरी घुसलंय.

अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन तिला उचला, तेव्हा ती शांत असते. पण नवीन पिसं फुटत असतील तिथे दाबू नका, ते निळसर कोंब असतात ना त्यात रक्त असतं आणि हात लागला तरी तिला दुखतं. एखादा कोंब तुटून रक्त आलं तर हळद लावून स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि थांबेपर्यंत इतर कोंबड्यांपासून लांब ठेवा, लाल दिसलं की त्या टोचायला धावतात. आता छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा, दोन्ही बाजूंना मांस लागलं तर ठीक, हाड धारदार लागलं तर ती बरेच दिवस खंगतेय, जंत असण्याची शक्यता खूप. मग शेपटीखाली पिसं बाजूला करून बघा, पिसांच्या बुडाशी पांढरे पुंजके आणि कातडी लाल म्हणजे उवा. लाल माइट हा बारीक किडा मात्र दिवसा खुराड्याच्या फटीत लपतो आणि रात्री चढून रक्त पितो, त्यामुळे टॉर्च फटींवर पण मारा. सकाळी काही खायच्या आधी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा, ती रिकामी हवी, गच्च कडक किंवा पाण्यासारखी डुबडुबीत आणि तोंडाला आंबूस वास असेल तर तिथे अडकलंय, त्याला डॉक्टरच लागेल.

तोवर तिला वेगळी ठेवा. मोठा खोका, खाली कोरडा भुसा, एका बाजूला बल्ब, दुसरी बाजू गार म्हणजे गरम झालं की ती सरकेल. अंगावर पिसं कमी आहेत आणि कोंबडीचं अंग ४१ डिग्रीच्या आसपास असतं, रात्रीच्या गारठ्यात तेवढी ऊब धरायलाच तिची सगळी ताकद जाते. पाण्यात कोंबड्यांचं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांची पावडर, घाला, पण चोच उघडून पाणी ओतू नका हो, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी फुफ्फुसात गेलं तर संपलं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती आपोआप गिळते.

खाण्याचं मात्र मनावर घ्या. पीस जवळजवळ सगळं प्रोटीनचं असतं आणि आपण घालतो ज्वारी, कणी, मका, त्यातून ते मिळत नाही. उकडलेलं अंडं कुस्करून द्या, आमच्याकडे न खाणारी कोंबडी पहिली चोच त्यालाच लावते. सुकट दोन-तीनदा धुवून मीठ काढून द्या. शेंगदाणा पेंड चांगली, पण पावसाळ्यात दमट राहून बुरशी धरलेली असेल तर फेकून द्या, त्या बुरशीचं विष थेट लिव्हरवर जातं. सोयाबीन कच्चं नको. आणि अंडी बंद आहेत तोवर नुसतं लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, घालण्यात अर्थ नाही, त्यात कॅल्शियम जास्त असतं, २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीनवालं फीड आणा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा.

जंताचं आणि उवांचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून वजनावर विचारून घ्या, अंदाजाने नको, आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारा. हिरवी पातळ शीट, तोंड उघडून धाप, मान वाकडी होणं यातलं काही दिसलं किंवा पाठोपाठ दुसरी कोंबडी बसली तर राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, किंवा बर्ड फ्लू असू शकतो. मग वाट बघू नका, १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, पक्षी विकू नका, कापू नका, हात साबणाने धुवा. आजारी कोंबडीला लस टोचून ती बरी होत नाही, लस निरोगी असताना द्यायची.

ती खायला लागली की लगेच कळपात सोडू नका, अंगावर पिसं भरू द्या. मग रात्री, बाकीच्या दांडीवर बसल्या की तिला हळूच त्यांच्यात बसवा, आणि सकाळी दाणे दोन ठिकाणी टाका म्हणजे तिला हाकललं तरी खायला मिळेल.