ऑक्सिजन चालू असताना आईला बायपॅप कशाला?

तुमच्या आई 66 वर्षांच्या, जुना सीओपीडी (फुप्फुसातल्या नळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार), गुहागरकडून रत्नागिरीला आणलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, लावलंय आणि त्या मास्क ओढून काढतायत. नुसता ऑक्सिजन वाढवून भागलं नसतं का, आणि व्हेंटिलेटर लागलेला माणूस परत येत नाही म्हणतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंत. मी इथेच आयसीयूत बारा वर्षं स्टाफ नर्स आहे.

नसतं भागलं. चुलीत लाकूड सारणं वेगळं आणि घरात कोंडलेला धूर बाहेर काढणं वेगळं. ऑक्सिजन पहिलं काम करतो. दुसरं काम छातीच्या भात्याचं, आणि तो भाता आता दमलाय. अशा पेशंटला ऑक्सिजन भरमसाट दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि झापड येते. म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, मुद्दाम 88 ते 92 टक्क्यांमध्ये ठेवतात. नवी असताना मी एका आजोबांचं 98 बघून निर्धास्त झाले होते. ते हाकेला ओ देत नाहीत हे सीनियर सिस्टरच्या लक्षात आलं, माझ्या नाही. तेव्हापासून मी आकड्याआधी पेशंटला हाक मारते.

एरवी आपण छाती फुगवून हवा आत ओढतो. बायपॅप ती दाबाने आत ढकलतं: श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. सुरुवात साधारण 10 आणि 4-5 सेंटीमीटर पाण्याच्या दाबाने होते, मग वरचा दाब वाढवत नेतात. त्याने श्वास भरीव होतो, स्नायूंना विसावा मिळतो. खालच्या दाबाने बारीक नळ्या मिटत नाहीत.

पहिला तास सगळ्यात कठीण. मास्क तोंडावर आला की गुदमरल्यासारखं वाटतं, तिथे तुमची खरी गरज आहे. आम्ही आधी पट्टे न बांधता मास्क नुसता हाताने धरतो. तुम्ही आईंचा हात धरा, "मशीनबरोबर श्वास घे गो आये" असं त्यांच्या बोलीत सांगत राहा. नाकाच्या हाडावर लाल झालं, पोट फुगलं तर सिस्टरना सांगा. उलटी होतेय असं वाटलं तर मास्क लगेच निघायला हवा, ओरडून बोलवा.

तासा-दोन तासांनी धमनीतलं रक्त पुन्हा तपासतात. पीएच (रक्ताच्या आम्लतेचा आकडा; कार्बन डायऑक्साइड साठला की तो उतरतो) 7.35 कडे चढू लागला तर मशीनचा उपयोग होतोय. चढत नसेल किंवा ग्लानी वाढली तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागू शकतो. त्याबद्दल डॉक्टरांशी आजच बोला, रात्री दोन वाजता धावपळीत नको. बायपॅप मात्र पुष्कळांचं दोन-चार दिवसांत सुटतं. आणि व्हेंटिलेटर लागलेला माणूस परत येतच नाही, हे खरं नाही. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या डॉक्टरांच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हवेची पिशवी हाताने दाबून मुलांना आठवडेच्या आठवडे श्वास दिला, आणि त्यातली कितीतरी जगली.

घरी गेल्यावर पाणी तापवायला सोडणं-चुडतं पेटवणं आईंनी बंदच करायचं. मशीन घरी न्यायला सांगितलं, तर आगोटीच्या आधी इन्व्हर्टरची सोय करा. आपल्याकडे पहिल्या वादळी पावसात लाईट जाते ती रात्रभर येत नाही.